स्लॅबमधलं मीठ विजेने बाहेर काढता येतं का?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब कोसळून सहा जणांचा जीव गेला. तिथे वरच्या मजल्यावर फरशीचं काम सुरू होतं. पण त्यानंतर इकडे मोहन्यात आमच्या सोसायटीतही जो तो आपापल्या छताकडे बघायला लागला. आमच्या बाल्कनीच्या छताला तीनदा प्लास्टर झालंय आणि तिन्ही वेळा पोपडे निघाले ते जुन्या पॅचच्या कडेलाच. मी सॉफ्टवेअरवाला. तोच बग तीनदा आला, तर चूक दुसरीकडे आहे हे आम्हाला कळतं.

सळी का गंजते?

काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळीवर पातळ संरक्षक थर बनतो. क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, हा थर फोडतो. न धुतलेली खाडीची रेती किंवा बोअरचं खारं पाणी वापरलं, की तो बांधकामातच येतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फुटतं. पॅच मारला की तेवढाच भाग स्वच्छ होतो. शेजारी क्लोराइड तसंच राहतं आणि तिथली सळी उलट जास्त वेगाने गंजते.

विजेचा उपाय

मोहन्याला हे तत्त्व नवीन नाही. २००९ मध्ये बंद पडलेल्या एनआरसीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा बनायचा. इथेही तसंच. काँक्रीटवर टायटॅनियमची जाळी लावून ती ओली ठेवतात. जाळी पॉझिटिव्ह, आतली सळी निगेटिव्ह. दर चौरस मीटरला साधारण १ अँपिअर डीसी करंट काही आठवडे चालू ठेवला, की क्लोराइड जाळीकडे ओढलं जातं आणि सळीभोवती पुन्हा अल्कली तयार होते. अमेरिकेत यावर १९७० च्या दशकातच प्रयोग झाले.

मग अडचण काय?

सगळं क्लोराइड निघत नाही, विशेषतः सळीच्या मागचं. झिजलेली सळी पुन्हा जाड होत नाही. आणि प्रीस्ट्रेस काँक्रीटला हा उपाय सहसा चालत नाही. सळीपाशी तयार होणाऱ्या हायड्रोजनमुळे ताणलेली केबल ठिसूळ होऊन तुटू शकते. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो अशाच केबल गंजल्यामुळे. म्हणजे जिथे गरज सगळ्यात मोठी, तिथेच हे औषध धोक्याचं.

मीटिंगमध्ये काय विचारायचं?

३० वर्षं झालेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहेच. पण त्यात क्लोराइड टेस्ट आहे का, ते विचारा. ड्रिल करून वेगवेगळ्या खोलीवरची पूड तपासतात. आयएस ४५६:२००० नुसार नव्या आरसीसीत घनमीटरला ०.६ किलोच क्लोराइड चालतं. आकडा जास्त आणि सळी शाबूत असेल, तर विजेच्या उपायाचा विचार करा. सळीच खाल्ली गेली असेल, तर आधी टेकू आणि मजबुतीकरण. क्लोराइड नसेल, तर गळती आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम तपासा.

आमच्या पुढच्या मीटिंगला चौथ्या प्लास्टरचं कोटेशन येणार आहे. मी आधी टेस्टचा रिपोर्ट मागणार आहे.