रिमांड होमचा शिक्का

गेल्या महिन्यात कल्याण-उल्हासनगर भागातील एका भगिनीचे पत्र आले. तिचे नाव किंवा वस्ती आम्ही छापणार नाही. कायदा ते छापू देत नाही आणि आमचे मनही धजत नाही. तिचा सोळा वर्षांचा मुलगा चोरीच्या मोटारसायकलवर मागे बसलेला सापडला. काही दिवस भिवंडीला राहून तो घरी आला. आता तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. बाहेर पडला की चाळीतली पोरे त्याला 'ए भिवंडी' अशी हाक मारतात. पत्राच्या शेवटी त्या माऊलीने एवढेच विचारले आहे की, असल्या पोराचे पुढे कधी काही चांगले झालेले तुम्ही वाचले आहे का?

वाचले आहे, ताई. ते वाचलेलेच आज सांगतो.

आधी आपल्या भागातील बोलीविषयी दोन शब्द. ठाण्यापासून बदलापूर-टिटवाळ्यापर्यंत 'पोराला भिवंडीला टाकला' म्हणतात, मुंबईत 'डोंगरीला टाकला' म्हणतात. टाकला! जणू काही पोर म्हणजे पोतेच. त्यातही घरातून रुसून पळालेले आणि कल्याण जंक्शनच्या फलाटावर सापडलेले लेकरू वेगळे आणि गुन्ह्याच्या आरोपाखाली धरलेले वेगळे. पहिले बालकल्याण समितीपुढे जाते, दुसरे बाल न्याय मंडळापुढे. कायद्याने दोघांची खाती वेगळी केली आहेत, आपण मात्र दोघांनाही एकाच पंगतीला बसवून 'रिमांड होमचा' म्हणून मोकळे होतो.

ज्या डोंगरीचे नाव घेऊन आपण पोरांना भीती घालतो, ती उमरखाडीची इमारत म्हणजे इंग्रजांच्या काळचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथेच एकशे एक दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले, ते आजही आदराने वाचले जाते. त्याच भिंतींच्या आतून आलेल्या आजच्या पोराला मात्र घरमालक खोली देत नाही. त्यांचा तुरुंगवास आणि याचा गुन्हा सारखा नव्हे, हे आम्हांलाही कळते. पण ते दोघे तेव्हा पंचविशी ओलांडलेले, शिकलेसवरलेले गृहस्थ होते आणि याला अजून मिसरूड फुटलेले नाही, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

मुंबईत हे काम जुने आहे. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनची. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा आणि त्याच्या अंमलासाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ साली निघाली. तरीही कित्येक राज्यांत मुले मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात सडत होती. पत्रकार शीला बारसे त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली देशभरासाठी बाल न्याय कायदा आला. आज चालतो तो २०१५ चा.

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या वाचनात आलेली माणसे दूरची आहेत, अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातली. पण ती आपल्याला परकी वाटू नयेत. बाबासाहेबांनी १९४६ साली त्या समाजाचे विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची कागदपत्रे मागवली होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले, तेही तिकडूनच.

न्यू ऑर्लिन्स शहरात १९१२ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री लुई नावाच्या अकरा वर्षांच्या पोराने नवे वर्ष साजरे करायला रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला. पिस्तूल घरातल्या माणसाचे होते. वडील सोडून गेलेले, आई मिळेल ते काम करणारी, वस्ती दारूच्या गुत्त्यांची आणि वेश्यांची. पोलिसाने धरले आणि त्याची रवानगी काळ्या मुलांच्या सुधारगृहात झाली. ते गृह चालवणारा जोन्स नावाचा गृहस्थ जुना सैनिक होता आणि स्वतः कृष्णवर्णीय होता. आपल्या समाजाची लेकरे मोठ्यांच्या तुरुंगात जातात, हे पाहवेना म्हणून त्याने ते काम अंगावर घेतले होते. तिथे पीटर डेव्हिस हे संगीत शिक्षक होते. त्यांनी प्रथम या पोराला जवळसुद्धा केले नाही. 'त्या' वस्तीतला पोरगा, याच्या अंगात सगळे दुर्गुण असणारच, असा त्यांचाही समज होता. त्यापायी त्याने त्यांचा मारही खाल्ला. मग हळूहळू त्यांची नजर बदलली. पोराच्या हाती आधी डफासारखे वाद्य आले, मग बिगूल, मग कॉर्नेट म्हणजे छोटा बाजा. पुढे तो गृहाच्या बँडचा म्होरक्या झाला. एकदा हा बँड वाजतगाजत त्याच्याच जुन्या वस्तीतून निघाला. पोराच्या अंगावर गणवेश, हातात बाजा! ज्यांना जग वाईट म्हणत होते, त्या बायकांनी आणि जुगाऱ्यांनी आपले पोर पाहून इतके पैसे टाकले की त्यातून सगळ्या बँडला नवे कपडे झाले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. दीड वर्षाने, १९१४ साली, तो घरी आला. हाच लुई आर्मस्ट्राँग. जॅझ संगीताचे नाव निघाले की पहिल्यांदा जे नाव घेतात, ते हे. मोठा झाल्यावर १९३१ साली तो आपण होऊन त्या गृहाला भेट द्यायला गेला.

आम्हांला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती वस्ती. वस्तीने त्याला 'ए सुधारगृह' म्हटले नाही.

याच्या अगदी उलट एका मुलीची हकिकत आहे. एला फिट्झगेराल्ड पंधरा वर्षांची असताना आई वारली. मावशीकडे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहू लागली, शाळा सुटली, मटक्याच्या चिठ्ठ्या पोचवू लागली. आधी अनाथाश्रम आणि मग १९३३ साली हडसन गावची मुलींची सुधारशाळा. तिथे काळ्या मुलींची राहण्याची सोय वेगळी, सर्वांत दाटीच्या आणि मोडक्या घरांत. मारहाण होत असे. शाळेचे एक चांगले गायनपथक होते, पण ते गोऱ्या मुलींचे. पुढे सगळे जग जिचे गाणे ऐकणार होते, तिला त्या पथकात जागा नव्हती! आपल्या वाचकांना याचे आश्चर्य वाटणार नाही. पाणवठा वेगळा, वर्गात बसायची जागा वेगळी, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेच आहे. एला तिथून पळाली. रस्त्यावर दिवस काढले. १९३४ च्या नोव्हेंबरात अपोलो नाट्यगृहातील हौशी कलाकारांच्या स्पर्धेला ती नाचायला म्हणून गेली, आयत्या वेळी घाबरून गायली आणि पहिली आली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मात्र त्या शाळेबद्दल ती आयुष्यभर चारचौघांत बोलली नाही. शाळेने पुढे तिला सन्मानाने बोलावले तरी ती गेली नाही. १९९६ साली तिचे निधन झाल्यावर एका पत्रकार बाईने शोध घेऊन ही सगळी हकिकत छापली, तेव्हा लोकांना कळले.

म्हणून कोणी 'सुधारगृहाने एवढे मोठे कलावंत घडवले' असे म्हणू लागले तर आम्ही ते मान्य करणार नाही. लुईला पीटर डेव्हिस भेटले. एलाला कोणीच भेटले नाही. ती घडली ती पळून गेल्यामुळे. आणि तिच्याबरोबर त्याच मोडक्या घरांत राहिलेल्या इतर मुलींचे गळे कसे होते, हे कोण सांगणार?

मुष्टियोद्धा फ्लॉइड पॅटरसनचे थोडक्यात सांगतो. हा पोरगा इतका खचलेला होता की घरातल्या फोटोत स्वतःच्या चेहऱ्यावर त्याने फुल्या मारल्या होत्या. चोऱ्या करू लागला, म्हणून दहाव्या वर्षी विल्टविक या शाळेत धाडले. तिथे एका शिक्षिकेने त्याला धीराने वाचायला शिकवले आणि तिथेच हातात पहिल्यांदा मुष्टियुद्धाचे मोजे चढले. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे सुवर्णपदक, १९५६ साली एकविसाव्या वर्षी जगज्जेता. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आपल्या पोराला हे जरूर वाचून दाखवावे.

माल्कम एक्सचे नाव आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. वडील गेलेले, आई वेड्यांच्या इस्पितळात, आणि हा मिशिगनमधील मेसन गावच्या मुलांच्या गृहात. गृह चालवणारे जोडपे प्रेमळ होते, पण त्याच्यासमोर त्याच्या जातभाईंविषयी असे बोलत की जणू तो तिथे नाहीच. वर्गात हुशार, वर्गाचा प्रमुख म्हणून निवडून आलेला. शिक्षकाला म्हणाला, मला वकील व्हायचे आहे. शिक्षकाने सल्ला दिला की तुझ्यासारख्याने सुतारकामाचा विचार करावा. तो शिक्षक वाईट मनाचा नव्हता, हेच खरे दुखणे! हा पोरगा पुढे वाट चुकला, विसाव्या वर्षी मोठ्यांच्या तुरुंगात गेला आणि तिथल्या ग्रंथालयात बसून शिकला.

वाचक विचारतील, आपल्याकडची अशी नावे कुठे आहेत? आपल्याकडे असा भूतकाळ कोणी सांगत नाही. सांगितला तर नोकरी जाते आणि सोयरीक मोडते. शिवाय आपल्या देशात मुलाने काही करण्याआधीच त्याला गुन्हेगार ठरवण्याची सोय होती. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूर, हुबळी येथे तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या, त्यांना लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. त्या कायद्यात अशा जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. मुलाने चोरी केली पाहिजे, अशी अटच नव्हती! त्या पोटी जन्म घेतला, एवढे पुरे. १९२८ साली सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली, बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीचे अध्यक्ष स्टार्ट साहेब. हे साहेब मूळचे कोण, तर गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी. सरकारी टेबलावर आपली आणि त्यांची फाईल किती जवळ ठेवलेली होती, ते यावरून समजावे.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला १९८१ साली आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे दोघे सुधारगृहात गेलेले नव्हेत. पण ज्या जमातींच्या कपाळावर हा शिक्का जन्मतः मारला होता, त्यांतून ते आले आणि त्यांनी ते सांगितले.

विहारात आपण लेकरांना अंगुलिमालाची गोष्ट सांगतो. भगवंतांनी त्याला जवळ केले, इथे आपण गोष्ट संपवतो. पण पुढचा भागही आहे. चीवर घालून तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले आणि भिक्षापात्र मोडले. तो बदलला होता, गाव बदलले नव्हते.

आम्ही पडलो कारकून, तेव्हा आता कागदाचे बोलतो. मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आले की परिवीक्षा अधिकारी त्याचा सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. त्यासाठी तो घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो. जुने लोक याला गृहचौकशी म्हणतात. त्या वेळी आपल्या चाळीत काय घडते, ते आम्ही पाहिले आहे. दारे बंद होतात, किंवा 'आम्हांला काही माहीत नाही' एवढेच म्हटले जाते. हे 'माहीत नाही' कागदावर पोराच्या विरुद्ध वाचले जाऊ शकते. मूल शाळेत जात होते, आजीचे औषध आणत होते, सार्वजनिक नळावर भांडण सोडवत होते, हे खरे असेल तर तसे सांगावे. मंडळाच्या, वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांनी पुढे होऊन सांगावे.

दुसरी गोष्ट नोकरीची. एका कारखान्याच्या दारावरून आमच्या ओळखीच्या मुलाला 'पोलिसाचा चारित्र्याचा दाखला स्वच्छ आण' म्हणून परत पाठवले होते. २०१५ च्या कायद्याचे कलम २४ सांगते की बालपणीच्या अशा निकालामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत व नियमांतील काळ संपल्यावर ती नोंद नष्ट करायची असते. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचे बाल न्यायालयात सिद्ध झाल्याचा. कलम ७४ प्रमाणे चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी अशी नोंद उघड करायची नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच मान्य केले.

त्या भगिनीने आणि तिच्यासारख्या इतर पालकांनी मंडळाच्या आदेशाची प्रत आणि मुलाच्या जन्मतारखेचा दाखला घेऊन ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे मुलांसाठी वकील फुकट मिळतो. नोकरीच्या अर्जातील 'तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय' हा रकाना त्या वकिलाला विचारल्याशिवाय भरू नये. आणि आदेशाच्या दोन झेरॉक्स काढून एक घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी. मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नये.