आठव्या डावाचे पैसे कुणाचे?

गेल्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातली एक बाई आमच्याकडे सल्ल्याला आली. सोबत नवऱ्याची वही होती. वहीत एकाखाली एक आकडे : १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४००. "ताई, हे वेड्यासारखं नाही खेळत," ती म्हणाली. "यांची पद्धत आहे."

नवरा पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जात होता. पद्धत अशी : फिरत्या चक्रावर लाल रंगावर शंभर लावायचे. हरलं की दुप्पट. पुन्हा हरलं की त्याच्या दुप्पट. कधीतरी लाल येणारच. आला की मागचं सगळं वसूल आणि वर शंभर नफा.

मैत्रिणींनो, ही पद्धत अठराव्या शतकातल्या फ्रान्समधली. नाव मार्टिंगेल. आपणच तिचा हिशेब मांडू. चक्रावर ३७ घरं : १८ लाल, १८ काळी, एक हिरवं शून्य. म्हणजे लालवर लावणारा १९ घरांवर हरतो. शंभरापासून सुरुवात करून सातही डाव ओळीनं हरण्याची पाळी सरासरी १०६ प्रयत्नांत एकदा येते. १०५ वेळा शंभर-शंभर करून १०,५०० मिळवायचे आणि एकदाच १२,७०० घालवायचे. तूट २,२०० रुपयांची. ते 'एकदा' पहिल्या रात्री येईल की शंभराव्या, कुणीच सांगू शकत नाही. १९१३ साली माँटे कार्लोत काळा रंग ओळीनं २६ वेळा आला होता. चक्राला मागचं काही आठवत नसतं. शिवाय एका डावावर जास्तीत जास्त किती लावायचे, ही मर्यादाही कॅसिनोच ठरवतो.

मग ही पद्धत उभी राहते कशावर? कधीच न संपणाऱ्या थैलीवर. सात डाव नवऱ्याच्या खिशातले. आठव्याला १२,८०० लागतात. ते कुठून आले, ते मात्र वहीत नव्हतं. तिच्या बांगड्या पतपेढीत गहाण पडल्या होत्या. त्यापुढच्या डावांसाठी बचत गटातून तिच्या नावावर कर्ज उचललं होतं. आणि आठवा डाव जिंकला असता, तरी हाती नफा किती? शंभर रुपये!

द्यूतसभेत युधिष्ठिरही हरत गेला तसतसा पण वाढवत गेला. आधी संपत्ती, मग भाऊ, मग स्वतः, शेवटी द्रौपदी. स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठला, हा तिचा प्रश्न होता. भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही.

आज उत्तर आहे. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधन पत्नीच्याच मालकीचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा स्त्रीधन परस्पर विकण्याला आर्थिक छळ म्हणतो.

आणि सरकार? महाराष्ट्रानं १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यानं मात्र परवाने दिले आणि २०२० साली खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोत यायला बंदी केली. आपल्या माणसांसाठी जे विष, ते शेजाऱ्यांसाठी पर्यटन! बायलांचो साद आणि गोव्यातल्या इतर मैत्रिणी वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलत आहेत. हा लढा त्यांच्या एकटीचा नाही. बोटीवर आपल्याही घरचे पैसे बुडतात.

पण बोट आपल्याकडेही वळते. या बाईला सगळ्यांनी काय सांगितलं? सासूनं सांगितलं, घरातली गोष्ट बाहेर नेऊ नकोस. गटातल्या बायका हप्त्यासाठी दारात उभ्या राहिल्या. आणि आम्ही, संघटनेच्या कार्यकर्त्या, पहिल्या भेटीत म्हणालो, "आधी कर्ज फेड, मग बघू." म्हणजे नवव्या डावाची सोय आम्हीच करून देत होतो! तिनं कर्ज फेडलं की तिची पत पुन्हा उभी, आणि त्याची थैली पुन्हा भरलेली.

म्हणून जुगार हे नवऱ्याचं व्यसन आणि बायकोचं नशीब, असं म्हणणं थांबवू या. पैसा कुणाचा, हा प्रश्न आधी विचारू या. गटात कर्ज मंजूर करताना तो कुणासाठी, हे बाईला एकटीला बसवून विचारायचं. दागिन्यांची यादी आणि पावत्या तिच्याच ताब्यात ठेवायच्या. सहीसाठी जबरदस्ती झाली तर हप्त्याचा तगादा न लावता गटानं तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं.

ती बाई आता तीच वही वापरते. मागच्या पानावर तिनं स्वतःच्या सोन्याची यादी लिहिली आहे. पुढच्या वेळी ते आठव्या डावासाठी हात पुढे करतील, तेव्हा त्या हाताला रिकामंच परत जावं लागेल. त्या वेळी ती एकटी नसेल, एवढी जबाबदारी आपली.