हे ‘फुकट’ कुणाच्या जिवावर?

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, “मॅडम, फुकटचं आहे ते. असंच चालणार.”

विषय होता आमच्या संगणक खोलीचा. एका माजी विद्यार्थ्याने त्याच्या ऑफिसातून निघालेले बारा जुने लॅपटॉप शाळेला मिळवून दिले. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ या यंत्रांवर चढत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांवर लिनक्स टाकलं. उर्दू टंकता येतं, मराठी टंकता येतं, मुलांना आणखी काय हवं? सात लॅपटॉपचं वायफाय लगेच लागलं. तीन लॅपटॉपचं लागायचं आणि दर अर्ध्या तासाला तुटायचं. दोघांचं लागलंच नाही. त्यांच्यासाठी बाजारातून स्वस्त डोंगल आणले. खोक्यावर लिनक्स चालतं असं छापलेलं होतं आणि सोबत ड्रायव्हरची सीडी होती. डोंगल सुरूही झाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर यंत्रं अपडेट केली आणि दोन्ही डोंगल मेले. तेव्हाचं हे वाक्य, की फुकटचं आहे, असंच चालणार.

त्या दिवशी माझा तास होता, म्हणून गप्प बसले. उत्तर आज देते.

पहिली गोष्ट, ते डोंगल फुकट नव्हते. आम्ही पैसे मोजून पावती घेतली होती. बंद पडली ती विकत घेतलेली वस्तू, आणि चालत राहिले ते सात लॅपटॉप, ज्यांच्या वायफायसाठी आम्ही कुणालाही एक पैसा दिलेला नाही. सहकाऱ्यांनी हिशेब नेमका उलटा मांडला. आपण सगळेच तो उलटा मांडतो, म्हणून हे लिहिते आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते आधी सांगते. वायफायची चिप ही एक मुकी वस्तू आहे. तिला कधी ऐकायचं, कधी बोलायचं, कोणत्या वाहिनीवर, किती जोरात, हे सांगणारा दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो तीन कोटींहून जास्त ओळींचा आहे आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. त्याच्या आतल्या बोलीचं व्याकरण बदलत राहतं आणि ते स्थिर ठेवायचं वचन तिथे कुणी देत नाही. पण एक शिस्त आहे. जो व्याकरण बदलेल, त्याने कर्नलच्या आत असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांमध्ये त्यानुसार दुरुस्ती करायची. म्हणजे जो दुभाषा घरात राहतो त्याला घरचे लोक नवी बोली शिकवतात. जो बाहेर सीडीवर पडून असतो, तो पुढच्या अपडेटला मुका होतो. आमच्या डोंगलांचं हेच झालं.

कंपनी तो ड्रायव्हर आत का पाठवत नाही? कारण आत जायचं तर काम तपासून घ्यावं लागतं. प्रत्येक बदल ईमेलने सर्वांसमोर ठेवायचा. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. का केलं ते लिहायचं, खाली नाव घालून जबाबदारी घ्यायची. मग कुणीतरी अनोळखी माणूस म्हणतो, ही ओळ चुकली आहे, पुन्हा पाठवा. दहा-दहा वेळा पुन्हा पाठवावं लागतं. वह्या तपासणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कंपनीचा हिशेब सोपा आहे. चिप दोन वर्षं विकायची, एकदा चालेल असा कोड भिंतीवरून पलीकडे फेकायचा आणि पुढच्या चिपकडे वळायचं. चिप विकली जाते दोन वर्षं आणि आमच्यासारख्या शाळेत ती राबते दहा-बारा वर्षं. या दोन आकड्यांमधली जी वर्षं उरतात, ती कोण सांभाळतं? माझा सगळा वाद या एका प्रश्नाचा आहे.

बंद ड्रायव्हर माणसाला कसा बांधून ठेवतो याचं उदाहरण वायफायच्या इतिहासातच आहे. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर गाजला. त्याच्या पोटात लिनक्स होतं. लिनक्सचा परवाना म्हणतो, की यंत्र विकलंत तर त्यातल्या लिनक्सचा कोडही द्या. लोकांनी हक्क मागितला आणि २००३ मध्ये कंपनीला कोड द्यावा लागला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. पण वायफायचा ड्रायव्हर मात्र बंदच होता, आणि तो कर्नल २.४ साठी बांधलेला. बाकीचं जग २.६ वर गेलं तरी त्या राउटरला वायफायसाठी वर्षानुवर्षं जुन्याच कर्नलला चिकटून राहावं लागलं. सगळं घर तुमचं, फक्त दरवाजाची किल्ली दुसऱ्याकडे.

ती चिप ब्रॉडकॉमची होती. ब्रॉडकॉम माहिती देईना, म्हणून काही लोकांनी वेगळीच वाट काढली. एका गटाने बंद ड्रायव्हरचा अभ्यास करून चिप कशी वागते याचं साध्या भाषेत वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने बंद ड्रायव्हर न पाहता, फक्त ते वर्णन वाचून नवा कोड लिहिला. नक्कल केली असा आरोप यायला नको म्हणून एवढा खटाटोप. तो ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये, तोही नव्या चिपांसाठी. जुन्या चिपा लोकांच्याच गळ्यात राहिल्या.

या कामात एक नाव होतं लॅरी फिंगर. हे गृहस्थ पेशाने स्फटिकशास्त्रज्ञ. एका खनिजाला त्यांच्या नावावरून फिंगराइट म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांनी ब्रॉडकॉमचे आणि पुढे रिअलटेकचे वायफाय ड्रायव्हर सांभाळले. कर्नलमध्ये त्यांचे पुष्कळ बदल आहेत. त्याशिवाय, माझं वायफाय चालत नाही हो, म्हणून रडत येणाऱ्या नवशिक्यांना ते उत्तरं देत बसायचे. जून २०२४ मध्ये चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. ही बातमी त्यांच्या पत्नीने वायफाय ड्रायव्हरवाल्यांच्या ईमेल यादीवर कळवली.

त्यांच्याविषयी पुष्कळ कौतुकाने लिहिलं गेलं. ते योग्यच होतं. पण मला ते कौतुक टोचतंही. लाखोंनी विकलेल्या चिपा चालू ठेवायला एक ऐंशी पार केलेला निवृत्त माणूस आपल्या घरून बसून होता, आणि आपण म्हणतो, वा, काय समर्पण! अरे, समर्पण त्यांचं होतं, लाज कुणाची? आपल्याकडेही हे चालतं. शाळेच्या खोलीला देणगी देणाऱ्याचं नाव संगमरवरावर कोरलं जातं. त्या खोलीचं छप्पर दर पावसाळ्याआधी शाकारणाऱ्याचं नाव मुलांनाही ठाऊक नसतं.

कर्नलमध्ये मेंटेनर्स नावाची एक मोठी यादी आहे. कोणता भाग कोण सांभाळतं ते तिच्यात लिहिलेलं असतं. मेंटेनरला मराठीत देखभाल करणारा म्हणता येईल, पण मला उर्दूतला निगेहबान जास्त बरोबर वाटतो, कारण त्यात नजर ठेवणं आहे. त्या यादीत प्रत्येक भागापुढे स्थिती लिहितात. ‘सपोर्टेड’ म्हणजे हे सांभाळायला कुणालातरी खरोखर पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी सांभाळतं, पगाराचं काही बोलायचं नाही. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे, पण त्याला वेळ नाही. आणि शेवटी ‘ऑर्फन’, म्हणजे यतीम. यतीम भागांविषयी तिथे असंही सुचवलं आहे, की तुम्ही नवा कोड लिहिता लिहिता ही जबाबदारीही घेऊ शकाल. इतकी प्रामाणिक सरकारी नोंदवही मी पाहिलेली नाही. आपल्या तालुक्यातल्या शाळांपुढे असे शेरे लिहायचे ठरवले तर काय होईल, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला ठेवला.

वायफाय ड्रायव्हरांचा सगळा विभाग दहा वर्षांच्या आसपास कॅले व्हालो यांच्या नजरेखाली होता. जगभरातून आलेले पॅच वाचायचे, परत पाठवायचे, नीट झालेले गोळा करून वरच्या नेटवर्किंग विभागाकडे द्यायचे. २०२५ मध्ये ते बाजूला झाले. त्यांच्या जागी दुसरं नाव तयार नव्हतं. भार पडला योहान्स बर्ग यांच्यावर, जे आधीपासूनच वायफायचा सामाईक थर सांभाळत होते. अब्जावधी फोन ज्या कर्नलवर चालतात, त्यातली ही गोष्ट आहे. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सच आहे, हे सांगायला हवं.

आता काही जाणकार म्हणतील, मॅडम, तुम्ही जुन्या काळाचं चित्र रंगवता. आज कर्नलमधलं बहुतेक काम पगारी लोकच करतात. खरं आहे. बर्ग स्वतः इंटेलमध्ये आहेत आणि इंटेलचा वायफाय ड्रायव्हर इंटेलचेच लोक सांभाळतात. मीडियाटेकच्या चिपांचा ड्रायव्हर ओपनडब्ल्यूआरटीच्या फेलिक्स फीटकाऊंनी सुरू केला, पुढे कंपनीचे लोक त्यात उतरले. रिअलटेकच्या नव्या चिपांचं काम आज रिअलटेकची माणसं कर्नलच्या आत येऊन करतात. क्वालकॉमच्या ड्रायव्हरांमधल्या बदलांखाली तर भारतीय नावं रांगेने दिसतात. हे सगळं चांगलं झालं आहे, आणि ते झालं कारण आधीच्या लोकांनी भांडून दार उघडलं. पण पगार कशासाठी आहे ते पाहा. तो बहुतांशी विकायच्या चिपेसाठी आहे. आठ वर्षांपूर्वी विकलेल्या चिपेसाठी कोण पगार देतं? आणि सगळ्या कंपन्यांचे पॅच निःपक्षपणे वाचून नाही म्हणणारा जो मधला माणूस लागतो, त्याच्यासाठी कोणती कंपनी पगार काढते? आपल्या पॅचला नाही म्हणायला माणूस नेमावा असं कुणालाच वाटत नाही.

दुसरी बाजू खुल्या प्रणालीच्या भक्तांची. ते म्हणतात, कोड खुला आहे, कुणीही दुरुस्त करू शकतं. या ‘कुणीही’वर माझा राग आहे. कुणीही म्हणजे कोण? ती चिप ज्याच्या हाताशी आहे, कंपनीची कागदपत्रं नसताना जो अंदाज बांधू शकतो, आणि ज्याला रात्री दोन तास मोकळे आहेत, असा माणूस. असे लोक मोजकेच असतात. शिवाय चिपेच्या आत फर्मवेअर नावाचा आणखी एक बंद तुकडा असतो. तो बिघडला तर मेंटेनरही हात टेकतो, कारण तो वाटण्याची परवानगी असते, उघडण्याची नसते. डेबियनने तर अनेक वर्षं असे तुकडे आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले नव्हते. २०२२ मध्ये मतदान घेऊन त्यांनी धोरण बदललं. तत्त्व म्हणून मला त्यांचं आधीचं वागणं आवडायचं, पण ज्या पोराच्या लॅपटॉपला केबलचं भोकच नाही, त्याने ते तत्त्व घेऊन काय करायचं होतं?

देखभाल म्हणजे फक्त चालू ठेवणं, असंही समजू नका. मे २०२१ मध्ये मॅथी व्हॅनहूफ या संशोधकाने वायफायमधल्या बारा त्रुटी जाहीर केल्या. फ्रॅगअटॅक्स हे त्यांचं नाव. त्यातल्या काही वायफायच्या मूळ नियमावलीतच होत्या. लिनक्समध्ये मॅक८०२११ नावाचा सामाईक थर आहे, बरेच ड्रायव्हर त्याच्यावर उभे असतात. तिथे दुरुस्ती केली की त्या सगळ्यांना बरंच संरक्षण एकदम मिळतं. सीडीवरचा ड्रायव्हर मात्र बहुधा आपला वेगळाच जुना संसार घेऊन आलेला असतो. त्याच्या दारात दुरुस्ती कुणी नेऊन देत नाही. वायफाय चालू दिसतं, मुलं अभ्यास करतात, आणि भोक तसंच राहतं.

एक छोटी गोष्ट तर मला माहीतच नव्हती. कोणत्या देशात कोणत्या वाहिनीवर किती ताकदीने प्रसारण करता येतं, याचा देशवार तक्ता लिनक्ससाठी माणसंच ठेवतात. भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त केला. सरकारने राजपत्रात छापलं म्हणून लॅपटॉपला ते कळत नाही. कुणीतरी राजपत्र वाचून तक्त्यातली भारताची ओळ बदलून पाठवावी लागते.

आणि आपण काय करतो? वापरतो, बंद पडलं की ‘फुकटचं’ म्हणतो. मीही तेच केलं असतं. पण ते तीन लॅपटॉप, जे दर अर्ध्या तासाला तुटत होते, त्यांच्यासाठी पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने तक्रार लिहिली. नुसतं चालत नाही असं नाही. कर्नलची आवृत्ती, चिपेचा क्रमांक, तुटतानाच्या नोंदी, सगळं नीट लावून. दोन दिवसांनी उत्तर आलं: हे आधी कोणत्या आवृत्तीत चालत होतं? चार आवृत्त्या टाकून पाहायला आम्हाला दोन शनिवार लागले. त्यानंतर एक पॅच आला, आठ ओळींचा. मुलीने तो लावला, दिवसभर वायफाय तुटलं नाही. पाठवणाऱ्याने तिला विचारलं, तपासणारी म्हणून तुझं नाव बदलाखाली घालू का? तिने घरी विचारून हो म्हटलं.

मेलेल्या डोंगलांचं मात्र काही झालं नाही. ते कपाटात आहेत. नवे घेण्यासाठी मी मागणीपत्रात एक अट घातली, की चिपेचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या आत असलेला हवा, सीडीवरचा नको, आणि चिपेचं नाव कोटेशनवर लिहावं. नियमाप्रमाणे तीन कोटेशन मागवली. दोघांनी फोन करून विचारलं, म्हणजे काय? तिसऱ्याने सर्वांत कमी किंमत लिहून पाठवली, चिपेचं नाव न लिहिता. ऑफिसमधून निरोप आला आहे, की नियमाप्रमाणे सर्वांत कमी किमतीचंच घ्यावं लागेल. मी अजून सही केलेली नाही.