गोडाचा डबा आणि वहिनींचें ताट

गेल्या महिन्यांत याच पानांवर आम्हीं वाळवणांविषयीं लिहिलें, त्यापूर्वीं लोणच्यांविषयीं. तेव्हां वाचकांस वाटलें असेल कीं, आम्हांस खाण्यापलीकडे विषयच सुचत नाहीं. त्यांची समजूत अगदींच खोटी नाहीं. आजचा विषयहि खाण्याचाच आहे. मात्र न खाण्याच्या बाजूनें.

२०२३ सालच्या जून महिन्यांत परभणींतील एका डॉक्टरांनीं आम्हांस कांट्यावर उभें केलें. वजन ८४ किलो, उंची साडेपांच फूट, कंबर १०२ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आंत असावी, असें सांगून त्यांनीं सहा महिन्यांत पांच किलो वजन उतरविण्याची आज्ञा केली व गोड बंद करावयास सांगितलें. आम्हीं मान डोलावली. आणि १८ जुलैस अधिक श्रावण लागला!

धोंड्याचा महिना म्हणजे काय, हें दोन जांवई असलेल्या घरास सांगावयास नको. प्रत्येकास तेहतीस अनारसे, शिवाय पुरणाचे धोंडे. आणि हे सारें जांवयांपुरतें थोडेंच होतें? 'जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी' असें आमच्या गांवचे लोक मोठ्या अभिमानानें म्हणतात; आग्रह करून वाढण्याच्या कलेपुरतें तरी तें आम्ही मान्य करतों. अधिक मास संपतांच निज श्रावण, तो संपतो न संपतो तोंच १९ सप्टेंबरला गणपति. डॉक्टरांस पंचांग पाहण्याची संवय नसावी.

आरंभीं आम्हीं आपल्या निग्रहावर भिस्त ठेवली. तीन दिवस ती टिकली. चवथ्या दिवशीं दुपारीं साडेतीन वाजतां, माजघरांतील फडताळापुढें, अनारशांच्या डब्यांत हात घातलेल्या स्थितींत आम्ही आम्हांलाच सांपडलों. विचार करतां ध्यानीं आलें कीं, ही वासना जेवतांना कधींच येत नाहीं. ती येते दुपारीं तीन ते पांच या वेळांत आणि रात्रीं जागरण झालें म्हणजे. दुपारच्या ताटांत भाताचा डोंगर व वरणाचा ओहोळ असेल, तर तीन तासांत पोट पुन्हां मागूं लागतें. ज्वारीची भाकरी, उसळ व ताक असेल, तर तें पुष्कळ वेळ गप्प राहतें. आमच्या जिल्ह्यास भाकरी नवी नाहीं. येथील कृषि विद्यापीठानें २०१८ सालीं अधिक लोह व जस्त असलेली 'परभणी शक्ति' ही ज्वारी प्रसृत केली. अर्थात् आमच्या पोटाकडे पाहून नव्हे. आम्हीं भात निम्मा करून भाकरी घेतली, आणि साडेतीनची हांक बरीच मंदावली.

मग आम्हीं वाण्याच्या यादीकडे वळलों. ज्या घरांत अकरा माणसें आहेत तेथें महिन्यास साखर चौदा किलो व गूळ चार किलो येत होता. भागाकार केला, तों दर माणशीं दररोज चोपन्न ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं घातलेली मर्यादा साधारण मोठ्या माणसास पन्नास ग्रॅमची आहे, आणि पंचवीसांच्या आंत राहिल्यास अधिक बरें असें तीच संघटना म्हणते. आम्हांस वाटलें, हा सारा सणांचा प्रताप. पण चहाचा हिशेब मांडला, तेव्हां सण बिचारे उगीच बदनाम झाल्याचें दिसून आलें. चहा पिणारीं माणसें सात. दिवसास चार कप. कपास दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम. महिन्याकांठीं आठ किलोंहून अधिक साखर नुसत्या चहांत विरघळत होती, आणि तिचा गोडवा कोणाच्या लक्षांतहि राहत नव्हता! दर पंधरवड्यास अर्धा चमचा कमी करीत गेलों. पहिला आठवडा चहा औषधासारखा लागला. पुढें जिभेनें तक्रार सोडली. गुळाविषयीं मातोश्रींचा पक्ष असा कीं, तो औषधी. शंभर ग्रॅम साखरेच्या चारशें उष्मांकांपुढें गुळाचे पावणेचारशेंच्या वर भरतात, एवढेंच आम्हीं सांगितलें, पटलें नाहीं.

येथपर्यंत प्रकरण आमच्या एकट्याचें होतें. परंतु एकत्र कुटुंबांत एकट्याचें असें कांहीं नसतें.

आमचे दादा अंगानें काठीसारखे. तरी त्यांस कैक वर्षें मधुमेह आहे, आणि २०२२ सालीं त्यांच्या उजव्या पायाचें एक बोट काढावें लागलें. 'बारीक माणसानें खुशाल खावें' हा समज घरांत इतका पक्का होता कीं, आरंभीं कोणीं त्यांचें रक्त तपासलेंच नव्हतें. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत आपल्या दोघांचीं छायाचित्रें छापलीं होतीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन तंतोतंत सारखें. पण चरबी मोजली तों इंग्रजाच्या अंगीं नऊ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगीं एकवीस! तेव्हां 'हा जाड, यानें सोडावें. तो बारीक, त्यानें खावें' ही वांटणी चालत नाहीं.

आतां खरी गोष्ट सांगतों. ती लिहितांना संकोच वाटतो. आम्ही पानावरून दुसरा धोंडा परत करीत होतों, दादांस तर वाढीतच नव्हते. मुलें अर्धें टाकून उठत. हें परत गेलेलें जात होतें कोठें? वहिनी शेवटच्या पंगतीस बसतात. अन्न टाकूं नये हा या घरचा नेम. एके रात्रीं पाणी पिण्यास उठलों असतां स्वयंपाकघरांत दिवा दिसला. वहिनी ओट्याशीं उभ्या राहून उरलेले धोंडे संपवीत होत्या. आम्हांस पाहून ओशाळल्या. "उद्यां टाकून द्यावे लागतील, भाऊजी," एवढेंच म्हणाल्या. त्या दोन महिन्यांत आम्ही दोन किलोंनीं उतरलों होतों, त्या तीन किलोंनीं चढल्या होत्या. आमच्या संयमाचें ओझें त्यांच्या गुडघ्यांवर जाऊन बसलें होतें, आणि घरांत वाहवा मात्र आमची चालली होती.

तेव्हां प्रश्न डब्याचा नव्हता, मापट्याचा होता. पुरणाची डाळ मातोश्री आपल्या पितळेच्या मापट्यानें घालतात. हें माप त्या सून होऊन आल्या त्या काळचें. तेव्हां या वाड्यांत चोवीस माणसें जेवत. पुढें कोणी पुण्यास गेले, कोणी हैदराबादेस. माप तेवढेंच राहिलें. आम्हीं तें निम्मे करण्याची गोष्ट काढली, तेव्हां मातोश्रींच्या डोळ्यांत पाणी आलें. "माझ्या हाताला चव राहिली नाहीं, असंच सांग ना!" ऐंशींच्या घरांतल्या माणसापाशीं मुलांना द्यावयास हाताच्या चवीवांचून दुसरें काय उरलेलें असतें? आम्ही उष्मांकांविषयीं बोलूं लागलों, तों वहिनींनीं खुणेनेंच थांबविलें. त्यांनीं फक्त रात्रींचें पातेलें आणून, त्यांत उरलेलें त्यांस दाखविलें आणि तें आपणांस खावें लागतें, असें सांगितलें. मातोश्री बराच वेळ पातेल्याकडे पाहत राहिल्या. त्या दिवशीं त्या आणखी कांहीं बोलल्या नाहींत.

दिवाळीस आम्हीं ८० किलोंवर आलों. डॉक्टरांची आज्ञा पुरी झाली नाहीं, पण रागावलेहि नाहींत. वाण्याच्या यादींत साखर आठ किलोंवर आली आहे. नैवेद्य चुकलेला नाहीं. मात्र तो त्याच दिवशीं संपेल एवढाच होतो, आणि फडताळांतील डब्यांत आतां फुटाणे असतात. साडेतीन वाजतां आम्ही अजूनहि तो उघडून पाहतों.

२०२४ च्या होळीस मातोश्रींनीं मापटें हातीं घेतलें आणि विचारलें, "पानं किती?"

"अकरा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनीं मापटें निम्मे भरलें, पातेल्यांत ओतलें, क्षणभर थांबल्या, आणि वर एक मूठ डाळ घातली. "ही हिची," त्या म्हणाल्या. "आज हिला पहिल्या पंगतीला बसवा. मी वाढते."