शिपायाच्या निवृत्तिवेतनातून क्षेपणास्त्रे?

१८ जून २०२२ रोजी जयपूर येथे राजस्थानच्या मंत्रिमंडळाने ठराव करून ‘अग्निपथ’ योजना मागे घेण्याची मागणी केंद्र सरकारकडे केली. ही योजना त्याआधी अवघ्या चार दिवसांपूर्वी जाहीर झाली होती, आणि तेवढ्यात जयपूर, सीकर, नागौर, जोधपूर येथील तरुण रस्त्यावर उतरले होते. केंद्राने तो ठराव बाजूस सारला. त्यामागील प्रश्न मात्र बाजूस सारता येण्याजोगा नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागते, आणि मूळ योजनेप्रमाणे दर चार अग्निवीरांपैकी तिघांना निवृत्तिवेतनाविना घरी परतावे लागणार आहे.

जयपूरच्या उत्तरेस शेखावाटीचा कोरडा मुलूख पसरला आहे. सीकर व झुंझुनूं जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरी एक मुलगा शेतीवर आणि एक पलटणीत, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. पलटणीतून येणारा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन यांवर अवर्षणाची साले निभावतात. महाराष्ट्रातील वाचकास हे निराळे सांगावयास नको. साताऱ्याचे अपशिंगे आणि कोल्हापूरची सैनिक टाकळी ही गावे याच कारणाने ओळखली जातात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अग्निपथ हा शेखावाटीतील एक प्रमुख प्रश्न होता, आणि सीकरने किसान सभेचे नेते अमराराम यांना निवडून दिले. योगायोग असा की, ज्या झुंझुनूंची मुले फौजेत जातात, त्याच जिल्ह्यातील पिलानी येथे ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या जुळणीचे एक केंद्र आहे. शिपाई आणि क्षेपणास्त्र यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचा जो युक्तिवाद चालू आहे, त्याची तपासणी म्हणूनच येथून सुरू करणे युक्त ठरेल.

तो युक्तिवाद असा : निवृत्तिवेतनाचा बोजा वाढत आहे, तो आवरल्याखेरीज आधुनिक शस्त्रास्त्रांसाठी पैसा उरणार नाही. आकडे खोटे नाहीत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यापैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, निवृत्तिवेतनाचा. नौदलास हवी असलेली ब्राह्मोस क्षेपणास्त्रेही स्वस्त नाहीत. १ मार्च २०२४ रोजी झालेला त्यांचा एकच करार १९,५१८ कोटी रुपयांहून अधिक रकमेचा आहे.

पण हिशेब येथे संपत नाही. आजचे निवृत्तिवेतन ज्यांना मिळते ते सैनिक केव्हाच निवृत्त झालेले आहेत; अग्निपथमुळे त्यातील एक पैही कमी होत नाही. २०२२ मध्ये भरती झालेला शिपाई जुन्या नियमांनी पंधरा वर्षांची सेवा पुरी करून २०३७ च्या सुमारास निवृत्तिवेतनास पात्र झाला असता. तेव्हा आजच्या क्षेपणास्त्रांची किंमत त्याच्या निवृत्तिवेतनातून निघते, हे म्हणणे साध्या बेरजेलाही टिकत नाही. आज जे घडते ते एवढेच : शेतकरी कुटुंबाचे म्हातारपणाचे आधारपत्र काढून घेऊन त्याच्या हाती चार वर्षांअंती बारा लाखांहून कमी रकमेचा सेवानिधी ठेवला जातो, आणि त्यातही निम्मी मुद्दल त्याच्याच वेतनातून कापलेली असते. सैन्यभरती २०२० पासून दोन वर्षे बंद होती हे लक्षात घेतले, म्हणजे संसदेत चर्चा न करताच सैन्यकपात कशी होते ते कळून येते.

शिवाय, क्षेपणास्त्र आपणहून लढत नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, निपात व वीर या लहान बोटींनी सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या साहाय्याने कराचीवर हल्ला केला. त्यामागे व्लादिवोस्तोक येथे खलाशांनी घेतलेले दीर्घ प्रशिक्षण होते. माझगाव गोदीत बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गातील विनाशिका आज याहून कितीतरी गुंतागुंतीची यंत्रणा वाहतात. जेमतेम काम हाती बसते न बसते तोच नौसैनिकाला निरोप द्यावयाचा, यास आधुनिकीकरण म्हणता येत नाही. ९ मार्च २०२२ रोजी एक ब्राह्मोस चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नू येथे पडले, आणि वायुदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करावे लागले. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये हातून घडलेल्या चुकीची किंमत काय होऊ शकते, याचा तो इशारा होता.

खरी कपात तहाच्या मेजावर होते. १९८७ च्या सोव्हिएत-अमेरिकी कराराने २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. पण तो जमिनीवरील क्षेपणास्त्रांपुरताच होता, समुद्रावरील अस्त्रे मोकळीच राहिली, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतल्यावर तोही संपला. हिंदी महासागर शांतता क्षेत्र असावा, ही संयुक्त राष्ट्रांची घोषणा १६ डिसेंबर १९७१ ची, ढाक्यातील शरणागतीच्याच दिवसाची. ती कागदावरच राहिली. भारत व पाकिस्तान यांच्यात चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार आहे, पण तो केवळ बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांना लागू असून ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्याबाहेर आहेत.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. तिन्ही दलांत स्थायी भरती पुन्हा सुरू व्हावी आणि अग्निवीरांना तीत सामावून घ्यावे. शस्त्रखरेदीचा व मनुष्यबळाचा एकत्रित हिशेब संसदेपुढे यावा. पूर्वसूचनेचा करार क्रूझ क्षेपणास्त्रांनाही लागू करण्यासाठी भारताने पुढाकार घ्यावा. देशाच्या संरक्षणास डाव्या चळवळीचा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो संरक्षणाच्या नावाने कष्टकऱ्यांच्या मुलांवर लादलेल्या कंत्राटी पद्धतीस. जयपूरचा ठराव चार ओळींचा असेल. तो गावोगावच्या सभांतून पुन्हा बोलला गेला पाहिजे, आणि तोही पहिली तुकडी आपली वळकटी बांधून परत येण्यापूर्वी.