बिल्ला काढायचा कधी?

एखाद्या निवृत्तांच्या मेळाव्याला गेलात, तर पहिल्या रांगेतल्या पुरुषांच्या कोटांकडे जरा नीट पाहा. कोणाच्या कॉलरवर रोटरीचे दातेरी चक्र असते, कोणाच्या लायन्स क्लबचा सिंह, तर कोणाच्या गळ्यात आपल्या जुन्या पलटणीचा टाय. वय सत्तर असो की ऐंशी, कोणी त्यांना विचारत नाही, "अहो, हे आता कशाला?" उलट बघणारा मनातल्या मनात म्हणतो, गृहस्थ रुबाबदार दिसतात.

आता त्याच रांगेत साठी ओलांडलेली एखादी बाई बसलेली आहे आणि तिच्या पदरावर शाळेच्या दिवसांतला एक छोटासा बिल्ला आहे, अशी कल्पना करा. मेळावा संपेपर्यंत किमान चार जणी तरी हसू दाबत विचारतील, "हे काय लावलंय हो?"

जबलपूरच्या कांचघर भागात राहणाऱ्या एका मराठी काकूंपुढे नेमका हाच प्रसंग उभा राहिला. वय ६९. यजमान रेल्वेत होते, तीन वर्षांपूर्वी वारले. घरात मुलगा, सून आणि सातवीतली नात. नात शाळेत गाईड आहे. २२ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला घरात कोणी जुन्या गाईड असतील तर त्यांनाही घेऊन या, असे बाईंनी वर्गात सांगितले. काकूंनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात स्कार्फ होता, बाहीवर शिवायची कापडी पदके होती आणि चिंधीत गुंडाळलेला त्रिदलाचा पितळी बिल्ला होता.

मुलगा म्हणाला, "आई, तू आता आजी आहेस. शाळेतल्या पोरीसारखं काय करतेस?" सून काही बोलली नाही, पण शेजारच्या बाईंनी कसर भरून काढली. "काकांना जाऊन तीन वर्षं तर झाली, आणि यांना सजायचं सुचतंय!"

काकूंनी मला विचारले, "तुम्ही मासिकं-साप्ताहिकांत लिहिता, तर सांगा. मी तो बिल्ला लावू शकते की नाही? मी वचन दिलं होतं. त्याला काही तारीख असते का? दुधाच्या पिशवीवर असते तशी?"

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. आणि तो जबलपूरच्याच एका बाईने विचारावा, यात एक गंमत आहे. भारतात मुलींच्या गाईड चळवळीची सुरुवात झाली तीच मुळी जबलपुरात. १९११ साली डॉ. कलन यांनी इथे देशातले पहिले गाईड पथक सुरू केले. इंग्लंडमध्ये मुलींची स्वतंत्र संघटना उभी राहून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांचा स्काऊट मेळावा भरला होता, तिथे काही मुली बोलावणे नसताना येऊन उभ्या राहिल्या आणि "आम्हालाही यात घ्या" म्हणाल्या. त्यातून बेडन पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांनी १९१० साली गाईडचे काम हाती घेतले. म्हणजे या चळवळीचा जन्मच मुळी "तुमचं इथे काय काम?" या प्रश्नाला न जुमानण्यातून झालेला आहे.

सुरुवातीला आपल्याकडची ही पथके गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठीच होती. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संस्था एकत्र येऊन १९५० साली 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स' ही संस्था झाली आणि १९५१ साली मुलींची गाईड संस्थाही तीत सामील झाली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत, रेल्वेच्या शाळांत, सरकारी शाळांत परकर-पोलक्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुली गाठी मारायला, तंबू ठोकायला आणि तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजवायला शिकल्या. काकू त्यांतल्याच एक. पचमढीच्या शिबिरात रात्रीचा पहारा दिल्याचे त्या अजून रंगवून सांगतात. घरच्या कोणा पुरुषाशिवाय घराबाहेर काढलेल्या त्यांच्या त्या पहिल्या रात्री.

आता त्या बिल्ल्याविषयी. गाईडचा जागतिक बिल्ला १९३० साली स्वीकारला गेला. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी त्रिदल. तीन दले म्हणजे वचनाचे तीन भाग : ईश्वर आणि देशाविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि गाईडचे नियम पाळणे. (आपल्या संस्थेत 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' म्हणण्याचीही मुभा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.) दोन ताऱ्यांपैकी एक वचनाचा, एक नियमांचा. मधली उभी रेघ होकायंत्राच्या सुईची, आणि खाली ज्योत. त्यात कुठेही वयाचा, इयत्तेचा किंवा पदाचा उल्लेख नाही.

मोठ्या वयाच्या गाईडचे काय, हा विचार चळवळीने कधीच करून ठेवलेला आहे. ब्रिटनमध्ये १९४३ साली 'ट्रेफॉइल गिल्ड' निघाले. गणवेश उतरवला तरी वचन उतरत नाही, असे मानणाऱ्या प्रौढ स्त्रियांचे ते मंडळ. १९५३ साली स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न येथे जुन्या स्काऊट-गाईडांची आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. आणि पुण्याचे 'संगम' हे गाईडचे जागतिक केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी सुरू झाले, तेव्हा त्याचे उद्घाटन करणाऱ्या लेडी ओलेव्ह बेडन पॉवेल ७७ वर्षांच्या होत्या. त्यांना कोणी म्हटले असेल का, "आजी, आता हे कशाला?"

तेव्हा काकूंना मी सांगितले, बिल्ला लावा, खुशाल लावा. स्कार्फही घ्या. पण डब्यातली सगळीच पदके बाहीवर टाचून जाऊ नका.

काकूंना ते जरा लागले. "का? तीही मीच मिळवली आहेत."

मिळवली आहेत, यात शंका नाही. पण विचार करा. त्यांत एक पदक प्रथमोपचाराचे आहे. ते मिळाले तेव्हा साप चावला तर वर घट्ट आवळपट्टी बांधा, जखमेला चीर द्या, असे शिकवत. आज डॉक्टर बजावून सांगतात की आवळून बांधू नका, चीर देऊ नका, चावलेला भाग हलू न देता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्या. उद्या शाळेच्या मैदानावर एखाद्या पोरीला काही झाले, तर सगळ्यांच्या नजरा त्या पदकाकडे, म्हणजे तुमच्याकडे वळतील. कौशल्याचे पदक बघणाऱ्याला सांगत असते, 'मला हे आज येते.' वचनाचा बिल्ला एवढेच सांगतो, 'मी हे मानते.' पहिली गोष्ट शिळी होते, दुसरी होत नाही. पूर्ण गणवेशाचेही तसेच आहे. गणवेश घातलेल्या बाईकडे मुली हुकमासाठी बघतात, आणि हुकूम द्यायचा मान त्या दिवशी काम करणाऱ्या बाईंचा असतो.

लष्करात हा भेद फार काटेकोर पाळतात आणि जबलपूरकरांना तो वेगळा सांगायला नको. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्हींची केंद्रे याच शहरात आहेत. सैनिक नसताना लोकांनी आपल्याला सैनिक समजावे म्हणून तसा पोशाख किंवा चिन्ह मिरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाईडच्या बिल्ल्याला इतका कडक कायदा लागू नाही, पण त्यामागचा विचार तोच. आपल्या अंगावरच्या चिन्हावरून समोरच्याची फसगत होऊ नये.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. तिथल्या कॉलेजांत मुलींच्या भगिनीमंडळांची शंभर-दीडशे वर्षांची परंपरा आहे. दोन-तीन ग्रीक अक्षरे हेच त्यांचे नाव आणि तीच अक्षरे स्वेटरवर, पिनवर. आपल्या वाचकांना त्यांपैकी एक तरी नकळत पाहिलेले आठवेल. २० जानेवारी २०२१ रोजी कमला हॅरिस यांनी उपाध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या गळ्यात मोती होते. त्या १९८६ साली हॉवर्ड विद्यापीठात 'अल्फा काप्पा अल्फा' या मंडळाच्या सदस्य झाल्या होत्या. १९०८ साली कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्थापन केलेल्या या मंडळाची मोती ही खूण आहे. त्या दिवशी देशभरातल्या त्यांच्या कितीतरी भगिनींनी मोती घातले, आणि त्यांत पदवी घेऊन चाळीस-पन्नास वर्षे झालेल्या बायकाही होत्या. त्यांच्यात सदस्यत्व जन्मभराचे मानतात. बऱ्याच मंडळांचा संकेत असा, की अक्षरांचा टी-शर्ट कुठेही घाला, पण मानाची पिन नीटनेटक्या पोशाखावरच लावा. आपल्याकडच्या आज्यांना हे शिकवावे लागत नाही. पैठणीवर काय शोभते ते त्यांना बरोबर कळते.

पण शेजारच्या बाईंचे ते बोलणे माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या समाजात बाईच्या अंगावर चिन्हे काही कमी नसतात. कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, जोडवी. यांना कोणी वय विचारत नाही. मात्र ती सगळी दुसऱ्या कोणाच्या तरी असण्यावर अवलंबून असतात, आणि तो माणूस गेला की चार बायका जमून ती उतरवतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद केल्या. त्याच महिन्यात इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक राज्य सरकारने काढले. ठराव करावा लागला, यातच सगळे आले.

काकूंच्या अंगावरची ती चिन्हे तीन वर्षांपूर्वी अशीच उतरली. डब्यातल्या बिल्ल्याला मात्र कोणी हात लावला नाही, कारण तो कोणाला आठवलाच नाही. तो लग्नाआधीचा, त्यांच्या एकटीच्या कमाईचा. मग आता तो लावणे म्हणजे सजणे कसे? आणि समजा सजणे असले, तरी बिघडले कुठे?

सुनेने शेवटी एकच व्यवहारी प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. "आई, साडीला लावणार कुठे? पदर फाटेल ना." तिचा प्रश्न अनेकींच्या उपयोगाचा आहे म्हणून सांगते. जुन्या बिल्ल्यांची पिन जाड असते. रेशमी किंवा जुन्या सुती साडीवर ती थेट टोचू नका. डाव्या खांद्याजवळ पदराच्या घड्या नीट बसवून आतून जाड कापडाचा दोन बोटांचा तुकडा धरा आणि पदर, तुकडा, ब्लाऊज यांतून पिन एकदाच आरपार न्या. बिल्ल्याचे ओझे त्या तुकड्यावर आणि ब्लाऊजवर येते, पदरावर नाही. पितळ काळे पडले असेल तर चिंच-लिंबाने खसखसून घासू नका, निळा मिना उडतो. मऊ ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. स्कार्फ घडीवर विरलेला असेल तर गळ्यात ताणून न बांधता खांद्यावरून सैल सोडा.

आणि नातीने तो बिल्ला मागितला तर? काकूंच्या नातीने मागितलाच. इथे लष्कराचा एक जुना संकेत उपयोगी पडतो. मिळवणारा आपली पदके छातीच्या डाव्या बाजूला लावतो. तो गेल्यावर घरच्यांनी ती लावली तर उजव्या बाजूला लावतात, म्हणजे बघणाऱ्याला कळावे की ही कमाई दुसऱ्याची आहे. नातीचा स्वतःचा बिल्ला तिला तिचे वचन झाल्यावर मिळेलच. आजीचा तिने डब्यात जपून ठेवावा. काही अमेरिकन मंडळांत सदस्या वारली की पिन तिच्यासोबत पुरतात किंवा संस्थेकडे परत पाठवतात. आपल्याकडे असे काही ठरलेले नसल्यामुळे ही बिचारी पितळी चिन्हे घर आवरताना भंगारात जातात. म्हणून डब्यात एक चिठ्ठी घालून ठेवा : नाव (लग्नाआधीचेही), शाळा, पथक, वचन घेतल्याचे साल, आणि शिबिर कुठे झाले होते ते. शाईच्या पेनने लिहू नका, ओल लागली की शाई पसरते. शिसपेन्सिलीचे अक्षर टिकते.