उत्तरे लिहून ठेवू का?

संगणक अबोल असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याला नवे बिऱ्हाड थाटायला सांगून पाहावे. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनीही इतके प्रश्न कधी विचारले नसतील!

बिऱ्हाड हा शब्द मी उगाच वापरला नाही. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या एका दणकट यंत्राच्या पोटात अनेक स्वतंत्र यंत्रे नांदू शकतात. त्यांना 'सिस्टीम कंटेनर' म्हणतात. गिरगावातली एखादी चाळ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. पाया एक, जिना एक. पण खोली ज्याची त्याची, कुलूप ज्याचे त्याचे. येथे पाया म्हणजे प्रणालीचा गाभा. तो साऱ्यांचा सामाईक. आतली माणसे, साधने आणि पत्ता मात्र प्रत्येकाचा निराळा. अशी चाळ चालविणारे 'एलएक्सडी' नावाचे साधन २०१४ साली जाहीर झाले आणि २०२३ साली त्यातूनच 'इन्कस' वेगळे निघाले. भाऊबंदकी तेथेही आहेच!

मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असे तुम्ही म्हणाल. आमच्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी संगणक नाही. त्यांच्यासाठी एका यंत्रावर प्रत्येकी एक खोली थाटलेली असते. पूर्वी दर जूनमध्ये प्रयोगशाळेतले काका हे काम हाताने करीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची, की प्रश्नांची फैर सुरू. साठवण कोणत्या प्रकारची? जागा किती? जाळ्याचे नाव काय? पत्ता कोणता? मग एकेका खोलीत शिरून विद्यार्थ्याचे नाव नोंदवायचे, साधने बसवायची. चाळीस खोल्या, चाळीस वेळा. काकांना सारे तोंडपाठ होते. पुढे ते निवृत्त झाले आणि ते पाठांतरही त्यांच्याबरोबर घरी गेले. त्या वर्षी तीन आठवडे मुले नुसती फळ्याकडे पाहत बसली. घरी संगणक असलेली पुढे गेली. नसलेली मागे राहिली.

मग विभागात एक तरुण प्राध्यापिका आल्या. एकदा त्यांनी मला पडद्याजवळ बोलावले. "सर, हा शेवटचा प्रश्न वाचा."

सगळे विचारून झाल्यावर यंत्र म्हणत होते : तुमच्या या उत्तरांची यादी छापून दाखवू का? आणि आपण काही न लिहिता नुसती एन्टरची कळ दाबली, तर यंत्र उत्तर धरते, 'नको'.

"आजवर सगळे नुसती कळ दाबत आले, सर!"

त्यांनी 'हो' लिहिले. आलेली यादी फाईलमध्ये ठेवली. आता 'इनिट'च्या आज्ञेला 'प्रीसीड' हा शब्द जोडून ती फाईल पुढे केली, की एकही प्रश्न न विचारता चाळ उभी राहते. खोल्यांसाठी दुसरी चिठ्ठी असते. खोली पहिल्यांदा जागी होते तेव्हा 'क्लाउड-इनिट' नावाचा आतला कारभारी ती वाचतो आणि नावे नोंदवून साधने बसवतो. चिठ्ठी सामाईक 'प्रोफाइल'मध्ये एकदा लिहिली, की प्रत्येक नव्या खोलीला आपोआप मिळते. मात्र खोलीचा साचा 'क्लाउड' जातीचा निवडावा. साध्या साच्यात हा कारभारीच नसतो.

मला त्या चिठ्ठीचे व्याकरण फार आवडले. काकांचे सारे काम आज्ञार्थातले : 'बसव', 'नोंदव', 'सुरू कर'. चिठ्ठी बहुतांशी विध्यर्थात बोलते : अमुक नावाची व्यक्ती असावी, अमुक साधने असावीत. आज्ञा करायला आज्ञा करणारा जागेवर लागतो. 'असावे' मात्र लिहिणारा निघून गेल्यावरही काम करीत राहते.

यात धोके नाहीत असे नाही. ओळीआधी सोडायची जागा चुकली किंवा तेथे टॅबची कळ दाबली, तर चिठ्ठी वाचली जात नाही. गुप्त परवलीचा शब्द तीत उघडा लिहू नये. आणि चूक लिहिली, तर चाळीसही खोल्यांत तीच चूक. पण कागदावरची चूक चारजणांना दिसते आणि एका जागी दुरुस्त होते. डोक्यातली चूक कोणी तपासावी?

यंदा जूनमध्ये पहिल्याच दिवशी चाळीस खोल्या तयार होत्या. घरी संगणक नसलेल्या मुलांचा एकही तास बुडाला नाही.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरीही भाजणीचे प्रमाण कोणाच्या तरी डोक्यातच असेल, आणि ती व्यक्ती ते 'अंदाजाने' घेत असेल. यंत्र निदान शेवटी विचारते तरी, उत्तरे लिहून ठेवू का म्हणून. माणसे तेवढेही विचारत नाहीत. तेव्हा आपणच वही घेऊन स्वयंपाकघरात जावे, हे बरे.